पहिली पट्टी फेकू नकोस

प्रिय सई,

तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजीचं मशीन आलं, पण ते छातीत दुखणाऱ्यांसाठीच उघडतात, एरवी झाकलेलं असतं, असं तू लिहिलंस. ताप-खोकला-दम्याने वॉर्ड भरले की तेव्हाही ते उघडायला लाव, त्यासाठीच हे पत्र.

2020 साली कोविडच्या रुग्णांचे ईसीजी आम्ही काढायचो ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने क्यूटी, म्हणजे पट्टीवरचा ठोक्याचा कालावधी, लांबतोय का हे बघायला. दाखल रुग्णांना त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही, हे पुढे सिद्धच झालं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या डॉक्टरांनी मात्र अशा पट्ट्यांत वेगळंच काही शोधलं. कोविडचे 140 आणि इन्फ्लुएंझाचे 281 दाखल रुग्ण घेऊन त्यांनी क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाची, उंची बघितली. कोविडच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात ते टोक खुजं झालेलं होतं, इन्फ्लुएंझात साधारण त्याच्या निम्म्या प्रमाणात. ज्यांचं टोक खुजं झालं, त्यांच्यात मृत्यूही कितीतरी जास्त. त्यातले कोविडचे जे दगावले, त्यांच्या पहिल्या खुज्या पट्टीपासून मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ 52 तासांचा निघाला. 2021 साली हे छापून आलं.

कारण अमुक एकच, असं म्हणता येत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा किंवा सूज, त्याभोवती साचलेलं पाणी, अंगावरची सूज, छातीत अडकलेली हवा, यांतल्या कशानेही विजेचा जोर त्वचेपर्यंत पोचेपर्यंत मंदावतो. भिंतीपलीकडचं बोलणं दबून ऐकू यावं, तसं.

नेदरलँड्समध्ये कोविडच्याच 271 रुग्णांवर झालेला आणखी एक अभ्यास ईसीजीवर दिसणाऱ्या दोन ठोक्यांमधल्या अंतरावर होता. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. अंतर सतत थोडंथोडं बदलतं, त्यामागे व्हेगस नर्व्हचा हात असतो. सत्तरी ओलांडलेल्यांत हा बदल जितका जास्त, तितकी जगण्याची शक्यता जास्त दिसली.

आता कामाचं. पट्टीच्या सुरुवातीला (काही मशीनवर शेवटी) जो चौकोनी खांब उमटतो, तो आधी मोज. तो 10 मिलिमीटरच हवा. कुणी मशीन अर्ध्यावर लावून ठेवलं असेल तर ठणठणीत माणसाचंही टोक खुजं दिसेल आणि तू उगाच धावपळ करशील. हातापायांच्या लीडमध्ये 5 आणि छातीवरच्यांत 10 मिलिमीटरपेक्षा कमी, हा व्होल्टेज कमी म्हणायचा जुना नियम. स्थूल माणसात आणि बिडीने फुप्फुसं फुगलेल्या आजोबांत ते मुळातच कमी असतं. म्हणून एकट्या पट्टीला अर्थ कमी. परवाची आणि आजची शेजारी ठेवलीस तर घट दिसते. आणि चिकट्या दोन्ही वेळी त्याच जागी लाव, नाहीतर फरक हृदयाचा की तुझ्या हाताचा, हे कळायचं नाही.

थर्मल कागद वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो. दाखल करतानाच्या पट्टीची झेरॉक्स काढून केसपेपरला लाव.

एक सांभाळ. हे आकडे दाखल झालेल्या, आधीच आजारी माणसांचे आहेत; अभ्यास मोठे नाहीत. पट्टी बघून नातेवाइकांना भाकीत सांगू नकोस. तिने एवढंच करायचं, की ऑक्सिजन 94 दिसत असतानाही तू त्या खाटेपाशी रात्री दोनदा जास्त जावंस, जिल्ह्याला फोन लवकर करावास, ॲम्ब्युलन्सची वाट सकाळपर्यंत बघू नयेस. जिथे आयसीयू तीस-चाळीस किलोमीटर लांब आहे, तिथे या लवकरपणाची किंमत न्यूयॉर्कपेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या पाळीच्या डॉक्टरलाही हे सांगून ठेव. आणि सिस्टरांना म्हणावं, मशीनवरचं झाकण आता कायमचं काढा.

तुझी,
मावशी