पेटीचा भाता आणि पेन्सिलीची रेषा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात वाढलेल्या आणि मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी वर्गात आयुष्यभर एकच भूमिका मांडली : यंत्र कलेत शिरले की माणूस तिच्यातून बाहेर पडतो. आधारासाठी ते वाल्टर बेंजामिन यांच्या १९३६ मधील निबंधाकडे जात. यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय मावळते, हे त्यातील सूत्र ते विद्यार्थ्यांच्या गळी उतरवीत. भूमिकेचे मूळ मात्र घरात होते. त्यांचे वडील झाडीपट्टीतील एका नाटकमंडळीत पेटी वाजवीत. दिवाळी सरून मंडईचे दिवस आले, की रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांसाठी ते गावोगाव हिंडत. एका हंगामात मंडळीने की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आणले, आणि वडिलांना बोलावणे आले नाही. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. पेटीवर कापड पडले, एवढेच.

निवृत्तीनंतर नातीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली, ती या भूमिकेला अडचणीत आणणारी ठरली. नॉर्वेतील 'आ-हा' या त्रयीचे 'टेक ऑन मी' हे गीत. त्याचा आरंभीचा, कानातून न निघणारा सूर सिंथेसायझरचा आहे. १९८४ मध्ये ते प्रथम आले, तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. १९८५ मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले, स्टीव्ह बॅरन यांनी नवी चित्रफीत दिग्दर्शित केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

उपाहारगृहात चित्रकथा वाचणाऱ्या मुलीकडे पानातील नायक हात पुढे करतो, ती रेषांच्या जगात जाते आणि स्वतःही पेन्सिलचित्र होते. या दृश्यांसाठी मायकेल पॅटरसन आणि कॅन्डिस रेकिंगर यांनी चित्रित नटांच्या सुमारे ३००० चौकटी हाताने रेखाटल्या. त्याला सोळा आठवडे लागले. कॅमेऱ्याने टिपलेली माणसे आणि त्यांवर हाताची रेषा, असा हा व्यवहार आहे. रेषा थरथरते, कारण एकच चेहरा हाताला दोनदा तंतोतंत काढता येत नाही. यंत्राने हाताला हद्दपार केले, असे येथे म्हणता येत नाही. यंत्राने हातापुढे काम वाढून ठेवले आहे.

प्राध्यापकांना यामुळे जुन्या वाचनाकडे परतावे लागले. बेंजामिन तेजोवलयाच्या लोपाचा केवळ शोक करीत नाहीत. त्या लोपामुळे कलाकृती विधीच्या बंधनातून सुटते आणि समूहाच्या हाती येते, ही शक्यताही ते मांडतात. इतक्या वर्षांच्या अध्यापनात निबंधाचा हा अर्धा भाग वगळला गेला होता. तो अनवधानाने वगळला गेला नव्हता. तो भाग मान्य केला असता, तर की-बोर्डभोवती जमणारा मंडईतला प्रेक्षकही मान्य करावा लागला असता.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक असूनही त्यांनी कधी विचारात घेतली नव्हती. वडिलांची पेटी हीसुद्धा परकीय यंत्रच होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेले हे वाद्य हिंदुस्थानी संगीतातील मींड देऊ शकत नाही, त्याचे स्वर ठरीव आहेत, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्यावर बंदी ठेवली होती. पेटीवरील तो आक्षेप आणि की-बोर्डवरील प्राध्यापकांचा आक्षेप यांची भाषा जवळजवळ एकच आहे. झाडीपट्टीने पेटीला आपले म्हटले, ते ती वाजवणाऱ्या माणसांमुळे. की-बोर्डलाही त्याच वाटेने आपलेपण येत असेल, तर ते कोणत्या निकषावर नाकारायचे?

तरीही येथे सुटकेचा निःश्वास टाकणे घाईचे होईल. चित्रफितीच्या अखेरीस नायक भिंतींवर अंग आदळून रेषेतून देहात येऊ पाहतो, आणि आता तो माणूस झाला असे वाटते. पण 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टी.व्ही.' या त्यानंतरच्या गीताच्या चित्रफितीत आरंभीच तो पुन्हा रेषा होतो आणि मुलीला सोडून जातो. माध्यम ओलांडण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि मोजणारा बहुधा मागे राहिलेला असतो.

वडिलांना की-बोर्डने काढले नव्हते. एक वाद्य आणताना जुन्या वादकाला निरोपही न धाडणारी माणसे तेथे होती. हा आरोप माणसांवर करायचा, तर ती गावातलीच, नात्यातली होती. यंत्रावर केला, की कोणाशी भांडावे लागत नव्हते. सिद्धान्ताने प्राध्यापकांना इतकी वर्षे हा आडोसा दिला. तो दूर झाल्यावर उरते ती वडिलांची न बोललेली तक्रार. तिचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही, हे त्यांना उशिरा कळले.