मायना

आमचे आजोबा अर्ज लिहायला बसत तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. फुलस्केप कागदाला घडी घालून ते समास पाडीत. मग स्थळ, दिनांक, ‘प्रति’, विषय, संदर्भ आणि ‘महोदय’! निम्मी गल्ली त्यांच्याकडून अर्ज लिहून नेई. ते गेले आणि मी मराठीची विद्यार्थिनी म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले.

विश्रामबागेत कला आणि अभियांत्रिकी शेजारी शेजारी नांदतात. १९१९ चे विलिंग्डन आणि १९४७ चे वालचंद. आमच्या घरातही तसेच आहे. माझे गिचमिड अक्षर पाहून अभियांत्रिकीच्या दादाने संगणकावर ‘लाटेक’ बसवून दिले. त्याची कथा मोठी गमतीची. डोनाल्ड क्नूथ या प्राध्यापकांना १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते इतकी कुरूप वाटली, की त्यांनी अक्षरजुळणीची ‘टेक्’ ही प्रणालीच लिहायला घेतली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभे केले. पुढे ‘झीटेक्’ आले आणि आपली देवनागरीही त्यात सुखाने जुळू लागली.

माझे काम सोपे. साध्या मजकुराच्या फायलीत वर प्रति, विषय, संदर्भ, अर्जदार अशा चार ओळी, खाली हकीकत. आज्ञा दिली की ‘पँडॉक’ नावाचा प्रोग्रॅम ते टिपण दादाने केलेल्या साच्यात ओततो आणि समास, ओळींमधील अंतर, सहीची जागा सारे आपोआप बसते. आजोबांची घडी आता यंत्र घालते!

आत्या गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा ती एका पिशवीनिशी आमच्याकडे आली. घरातल्या कागदांचा लगदा झाला होता. गेल्या वर्षी घरपट्टीला यजमानांच्या जागी तिचे नाव लावण्यासाठी अर्ज करायचा होता. मी शेजाऱ्यांच्या नळजोडणीचे जुने टिपण उघडले, नावे बदलली, विषय बदलला आणि आज्ञा दिली. छापलेला कागद इतका देखणा, की वाचावासाही वाटला नाही.

महिन्याने अर्ज परत आला. संदर्भाच्या ओळीत शेजाऱ्यांचा नळ तसाच होता! दोन वेळा रांगेत उभी राहिलेली आत्या रागावली नाही. एवढेच म्हणाली, “आबांचं अक्षर काही मोत्यासारखं नव्हतं गं. पण लिहून झालं की ते वाचून दाखवायचे.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या रात्री नवे टिपण कोऱ्या फायलीत केले आणि तिला वाचून दाखवले. ‘मयत इसमाच्या नावे’ या शब्दांशी तिने हात वर केला.

“इसम काय म्हणतेस? माझे यजमान होते ते.”

मी ‘माझे कै. यजमान’ असे लिहिले. यंत्राने तेही तितक्याच नेटकेपणाने जुळवले. त्याला दोन्ही सारखेच. आत्याने चष्मा लावून, सोडलेल्या जागेत सावकाश सही केली.

संदर्भाची ओळ रिकामी असेल तर साच्याने अडून बसावे, अशी सोय दादाने आता केली आहे. पण चुकीच्या ओळीवर तो अडत नाही. म्हणून छापण्यापूर्वी अर्जदाराला समोर बसवून मी मायन्यापासून सहीपर्यंत मोठ्याने वाचते. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नाही.