उद्यानातील सकाळचे हास्य

अंधेरी पश्चिमेचा लोखंडवाला परिसर म्हटला की आज दुकानांच्या रांगा आणि संध्याकाळची वाहनांची कोंडी डोळ्यांसमोर येते. एके काळी येथे खाजण होते, तिवरांची दाटी होती. भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या आणि निरनिराळ्या गावांतून, पेठांतून आलेली कुटुंबे एकमेकांच्या शेजारी, परंतु बंद दारांआड राहू लागली. हास्य-क्लबाचा जन्म अशा वसाहतीत व्हावा, यात नवल नाही.

१३ मार्च १९९५ रोजी सकाळी सातच्या सुमारास डॉ. मदन कटारिया येथील सार्वजनिक उद्यानात गेले. हास्याचा आरोग्यावर होणारा परिणाम या विषयावर ते लेख लिहीत होते. नुसते लिहिण्यापेक्षा हसूनच का पाहू नये, असे त्यांच्या मनात आले. फेरफटका मारणाऱ्यांपैकी चौघे तयार झाले, बाकीच्यांनी त्यांना वेड्यात काढले. थोड्याच दिवसांत मात्र पाचांचे पन्नास झाले. वर्तुळात उभे राहायचे आणि एकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा, अशी रीत होती. पंधरवडाभरात विनोदांचे भांडवल संपले. उरले ते बोचरे आणि अश्लील. दोघा सभासदांनी तक्रार केली. क्लब बंद करावा, इथपर्यंत गोष्ट आली.

जैन घरात वाढलेल्याला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. कर्मसिद्धांतात हास्याची गणना नऊ नोकषायांत होते आणि सत्यव्रताच्या भावनांमध्ये तत्त्वार्थसूत्राने क्रोध, लोभ व भय यांच्या जोडीला हास्याचाही त्याग सांगितला आहे. थट्टेत असत्य सहज मिसळते, आणि दुसऱ्याचे मन दुखावल्याचे हसणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

कटारियांनी क्लब मोडला नाही, विनोदच काढून टाकला. कारणाशिवाय हसायचे, आरंभी खोटे वाटले तरी एकमेकांच्या डोळ्यांत पाहताच ते खरे होते. त्यांच्या पत्नी माधुरी योगाच्या जाणकार. त्यामुळे दीर्घ श्वसनाची जोड मिळाली आणि ‘हास्ययोग’ हे नाव रूढ झाले. आज शंभरांहून अधिक देशांत असे क्लब आहेत. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळला जातो.

क्लबाची सकाळ साधी असते. तालात टाळ्या, ‘हो हो, हा हा हा’चा घोष, मग हात वर नेत लांब श्वास. नमस्कार हास्य, लस्सी हास्य, जीभ बाहेर काढून सिंह हास्य, तोंड उघडे ठेवून पण आवाज न काढता मौन हास्य. एका प्रकारात रिकामे खिसे उलटे करून दाखवीत हसायचे असते. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या, आता पेढी मुलांच्या हाती सोपवलेल्या गृहस्थांना हा प्रकार प्रथम जड जातो. खिसा रिकामा दाखवणे हे त्यांच्या धंद्यात कधी बसलेच नव्हते! पुढे तेच सर्वांत मोठ्याने हसतात. घरी त्यांचा सल्ला कोणी फारसा विचारत नाही. येथे मात्र ते दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करते.

या आनंदाला दुसरी बाजूही आहे. मुंबईतच, कुर्ल्यात, घराजवळ रोज सकाळी चालणाऱ्या हास्य-क्लबाच्या आवाजाने त्रस्त झालेल्या एका कुटुंबाने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली न्यायालयाने या उपद्रवाची दखल घेतली. दाट वस्तीत एकाचे आरोग्य ही दुसऱ्याची झोपमोड ठरते. क्लबवाल्यांनी ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. उद्यानाचा आतला कोपरा धरणे आणि घोष आवरता घेणे एवढे तर त्यांच्या हाती आहेच.

सत्राच्या शेवटाकडे क्षमा हास्य येते. हात उलटसुलट करून दोन्ही कानांच्या पाळ्या धरायच्या, गुडघे किंचित वाकवायचे आणि समोरच्याकडे पाहून हसायचे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्याला ही मुद्रा परकी वाटत नाही. गाडी उभी करण्याच्या जागेवरून वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी येथे कधी समोरासमोर येतात. एक क्षण दोघेही थांबतात. पाठीमागून रांग पुढे सरकत असते, मग कान धरले जातात.

साडेसातपर्यंत वर्तुळ विस्कटते. कोणी दुधाची पिशवी घेऊन घराकडे वळतो, कोणी देरासराकडे, आणि ज्यांच्या पेढ्या अजून त्यांच्याच हातात आहेत ते घड्याळ पाहत स्टेशनचा रस्ता धरतात.