गवसणी

आकाशाला गवसणी घालण्याची भाषा आपण सहज करतो. परंतु गवसणी म्हणजे मूळची वाद्यावर चढविण्याची कापडी खोळ, आणि तंबोऱ्याच्या खुंट्यांना न अडखळता, भोपळ्याच्या गोलाईवर कोठेही न ताणता ज्याने ती एकदा तरी स्वतःच्या हातांनी चढविली आहे, त्यालाच या शब्दात किती जपणूक साठविलेली आहे याची यथार्थ कल्पना येते. गेल्या कार्तिकात आईचा मिरजेचा तंबोरा नागपूरला पुतणीकडे पाठविण्याचा प्रसंग आला, तेव्हा ती जुनी, खणाची किनार लावलेली गवसणी पेटीतून काढताना माझे हात खरोखरच कचरत होते.

कचरण्यास कारण होते. पुष्कळ वर्षांपूर्वी असाच एक तंबोरा मी एका हुंडेकऱ्याच्या हवाली केला होता. गवसणी, तीवर गोधडी, गोधडीवर गोणपाट आणि सर्वांवर सुतळीचे आवळून दिलेले वेढे, एवढ्या बंदोबस्तावर मी निश्चिंत राहिलो. माल यथास्थित पोहोचल्याची पावती आली, तिच्यावर रीतसर सही होती, शिक्का होता. मात्र गोधडी सोडली तेव्हा भोपळ्याला वीतभर लांब तडा गेलेला आढळला. हुंडेकऱ्याने ओझे निष्काळजीपणे आपटले असेल, यात शंका नाही. तथापि वाद्य आपटले जाणारच आहे असे गृहीत धरून मी त्याची तजवीज करावयास हवी होती, ती केली नाही, हा अपराध माझा होता, आणि तो मी आजतागायत विसरलेलो नाही.

कारण तो भोपळा काही बाजारात पुन्हा मिळणारा जिन्नस नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यात, हे कडू, जाड सालीचे भोपळे पिकतात. वेलीवर त्यांना आकार येतो तो ऊन, पाणी आणि जमीन देईल तो, आणि पुढे कित्येक महिने वाळून खडखडीत झाल्यावर शेकडोंतून एखादाच खर्जाच्या तंबोऱ्याला साजेल असा निघतो. मिरजेचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना पाणी देणारे आणि शस्त्रे घडविणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगारांनी तंतुवाद्यांचा हुन्नर हस्तगत केला आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो मिरजेत रुजला, असे परंपरा सांगते. ज्या हातांनी पोलादाला धार दिली, त्याच घराण्यांतील हातांनी पुढे घोडीवर जवारी काढावी, हे परिवर्तन मला आपल्या प्रांताच्या इतिहासातील अत्यंत मनोरम प्रकरणांपैकी एक वाटते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या परंपरेचे उचित असे दस्तऐवजी स्मरण होय.

आणि या गावाला प्रवासाचीही परंपरा आहे. मिरज स्थानकात एके काळी रुंदमापी, मीटरमापी आणि अरुंदमापी असे तिन्ही रूळ येत. 1971 साली पुणे-कोल्हापूर मार्ग रुंदमापी होईपर्यंत मुंबईकडे निघालेल्या मालाला वाटेत गाडी बदलावीच लागे. प्रत्येक बदलीत पेटी चार हातांतून जाई, एका धक्क्यावर टेकवली जाई, दुसऱ्या धक्क्यावर लोटली जाई. मिरजेचे जुने बांधणारे याच अनुभवाने शहाणे झाले असावेत.

या खेपेला म्हणूनच मी मिरजेला गेलो आणि एका वृद्ध कारागिरासमोर मांडी घालून बसलो. त्यांनी प्रथम चारही तारा उतरविल्या, पण काढल्या नाहीत. तार पूर्ण सोडली तर वर्षानुवर्षे एका ओढीला सरावलेल्या दांडीचा तोल एकाएकी बदलतो, आणि ताणलेली ठेवली तर धक्क्याचा सारा मार गळ्याच्या सांध्यावर येतो. घोडी तारांच्या दाबानेच तबलीवर बसलेली असल्यामुळे ती त्यांनी अलगद काढून मऊ फडक्यात गुंडाळली. खुंट्यांभोवती कापसाच्या वळ्या भरल्या. मग त्यांनी मला म्हटले, "दादा, भोपळा पेटीला टेकता कामा नये. टेकला की फुटला म्हणून समजा. दांडीला दोन ठिकाणी आधार द्यायचा, गळ्याखाली एक उशी, आणि भोपळा आपला मधोमध राहील असा चारी अंगांनी भरून काढायचा."

अशा रीतीने तंबोरा खोक्यात बसविल्यावर त्यांनी तो खोका हलवून पाहिला, कान लावून पाहिला. किंचितशी खडखड ऐकू येताच पुन्हा उघडला आणि त्या जागी कापडाचा बोळा सारला. तंबोऱ्याचा सूर ज्या पोकळीतून उमटतो तिला हात न लावता तिच्याभोवतालची प्रत्येक पोकळी बुजवायची, एवढा एकच विचार त्यांच्या त्या दोन तासांच्या कामाच्या मुळाशी होता. शेवटी हा सारा खोका आणखी एका मोठ्या खोक्यात बसवून दोहोंमध्ये चार बोटे भरण घातली, तेव्हा मला त्या आवरणात आवरण घालण्यामागील शहाणपण पटले: बाहेरचा खोका मार खातो आणि आतल्यापर्यंत तो पोहोचू देत नाही.

हाच न्याय गिटारीलाही लागू आहे, हे मी शेजारच्या घरातील मुलाकडून शिकलो. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांची मिळून सुमारे सत्तर किलोंची ओढ असते, आणि बहुतेक गिटारींचा माथा मागे कललेला असल्याने पेटी पाठीवर पडली की दांडी माथ्याच्या मुळाशी मोडते. म्हणून तेथे माथ्याखाली मोकळी जागा आणि मानेखाली उशी हवी. परदेशी पाठविताना मात्र लाकडाचा आणि हाडाचा तपशीलही पाहावा लागतो. जुन्या तंबोऱ्यांच्या घोड्या सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा वस्तूंवर निर्बंध आहेत. सीमाशुल्काच्या तपासणीत वाद्य अडकून पडण्यापेक्षा आधीच चौकशी करून घोडी बदलून घेणे इष्ट.

आईचा तंबोरा चौथ्या दिवशी नागपूरला पोहोचला. मी पुतणीला आधीच पत्र घालून ठेवले होते, आणि तोच मजकूर येथे उतरून ठेवतो: खोका घरात आला तरी एक दिवस तसाच बंद राहू दे, म्हणजे लाकडाला आणि भोपळ्याला तिथल्या हवेची सवय होईल, मग उघड, घोडी जागेवर बसव आणि तारा एकदम न चढविता सावकाश, दोन-तीन दिवसांत सुराला आण. दोन्ही खोके आणि त्यांतील भरण नीट जपून ठेव. पुढे केव्हातरी तुलाही तो कोणाकडे पाठवावा लागेल.