कोल्ह्याच्या उंचीवर

कोल्हा सहसा दुडक्या चालीने जातो. नाक जमिनीलगत, शेपूट खाली, पाय थांबत नाहीत. ही चाल सेकंदाला अडीच मीटर धरली तर वाटेवर काटकोनात बांधलेल्या जुन्या ट्रॅप कॅमेऱ्याला शेपटीचा झुबका तेवढा सापडतो. हालचाल जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंत अशा कॅमेऱ्याला सेकंदाहून जास्त वेळ लागतो; नवे कॅमेरे हेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतात. म्हणून जुने भंगारात काढा, असं बरेच जण सांगतात. बालाघाटच्या जंगलात मी वर्षानुवर्षं याच जुन्या कॅमेऱ्यांवर काम करतो आहे आणि माझं मत वेगळं आहे. कॅमेऱ्याला लागणारा उशीर आधी मोजून घेतला, की तो हिशेबात धरून कॅमेरा बांधता येतो.

जुने कॅमेरे आमच्याकडे येण्याचं कारण सरळ आहे. कान्हा व्याघ्र प्रकल्प बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत पसरला आहे. उल्हास कारंथ आणि जेम्स निकोल्स यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाघांच्या घनतेच्या अभ्यासात नागरहोळे, काझीरंगा आणि पेंचबरोबर कान्हाही होतं. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो जमले. चांगली यंत्रं वाघामागे जातात आणि ते योग्यच आहे. पण कान्हा आणि पेंच यांच्यामधलं लालबर्रा, लामटा या बाजूचं जंगल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर राहतं. तिथल्या कोल्ह्याची, खोकडाची, रानमांजराची नोंद ठेवायची तर हाती जे आहे तेच नीट करून घ्यावं लागतं.

कॅमेऱ्याला जनावर दिसत नाही, त्याला उष्णतेतला फरक कळतो. त्याच्या सेन्सरसमोर अदृश्य पट्टे असतात. भोवतालापेक्षा गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की तो जागा होतो. समोरून आडवं जाणारं जनावर त्याला लगेच कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. इथेच सगळी मेख आहे. काटकोनात बांधला तर सेन्सर चटकन जागा होतो, पण चार मीटरवर चौकटीची रुंदी जेमतेम तीन मीटर असते आणि कोल्हा ती सेकंदाभरात ओलांडतो. वाटेच्या रेषेत तोंड करून बांधला तर कोल्हा चौकटीत बराच वेळ राहतो, पण सेन्सर झोपलेला. मी पंचेचाळीस अंशांच्या आसपास बांधतो. वाघाच्या कामात ही सूट नसते. तिथे दोन्ही कुशींचे पट्टे हवे असतात, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावतात.

जागा निवडताना मी उशिराचाच विचार करतो. सरळ, मोकळ्या वाटेवर कोल्हा रेंगाळत नाही. वाट जिथे वळते, दोन वाटा मिळतात, नाल्याची दरड उतरावी लागते, जिथे जुनी विष्ठा दगडावर पडलेली असते, तिथे तो वेग कमी करतो, हुंगतो, कधी उभाही राहतो. तेवढी उसंत जुन्या कॅमेऱ्याला पुरते.

जंगलात जाण्याआधी टेबलावरचं काम असतं. गळलेल्या सेलचा पांढरा थर स्प्रिंगांवर साचला असेल तर लिंबाच्या रसाने पुसायचा, मग स्पिरिटने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. नवे आणि वापरलेले सेल एकत्र घालायचे नाहीत. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर त्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा, नाहीतर पहिल्याच पावसात आत दव धरतं. घड्याळ लावून मोबाइलवरच्या वेळेचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने घ्यायचा, काढतानाही तसाच. जुनी घड्याळं पुढेमागे होतात, आणि दोन फोटोंतल्या फरकावरून मधल्या नोंदींची वेळ सुधारता येते.

झाडाला पट्टा आवळून झाला की खरी परीक्षा. वाघासाठी कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो, कोल्ह्यासाठी मी तो वीतभर खाली घेतो. ऐनाचं खोड जरा मागे कललेलं असलं की कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे जातं. मग बरोबरचे चौकीदारदादा बांबूची चपटी कामटी छिलून वरच्या बाजूने खोड आणि कॅमेऱ्याच्या मधे सरकवतात. मी म्हणतो, "दादा, आता जाऊन बघा." ते हात-गुडघ्यांवर वाटेवरून रांगत जातात, हालचाल जाणवली की पेटणारा कॅमेऱ्यावरचा दिवा कुठे पेटतो ते मी बघतो. उशिरा पेटला तर कामटी आणखी बोटभर आत. ते परत येतात, पुन्हा रांगतात. दिवा योग्य जागी पेटेपर्यंत हे चालतं. मग समोरचं गवत उपटायचं, कारण उन्हात तापलेलं हलतं पातं सेन्सरला जनावरासारखंच वाटतं आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं.

मे महिन्यात भोवताल जनावराच्या अंगाइतका तापतो आणि सेन्सरला फरकच कळेनासा होतो. दुपारी फोटो मिळाले नाहीत म्हणून कोल्हे नाहीत, असा निष्कर्ष काढायचा नाही. मोहाच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, मी गावाच्या वाटांवरचे कॅमेरे उतरवतो. उजाडण्यापूर्वी बायाबापडे फुलं वेचायला निघतात. त्यांच्या पोटाच्या वाटेवर डोळा रोखून बसणं मला पटत नाही. एरवीही कॅमेरा लावण्याआधी गावात सांगायचं, आणि माणसाचा फोटो आला तर खोडायचा, हा माझा नियम आहे.

जनावर पाऊल कुठे टाकेल हे ओळखण्याची विद्या शिकाऱ्यांकडेही आहे. मध्य भारतात लोखंडी सापळे अजून सापडतात. दोन जबडे, स्प्रिंग, मधे चकती, वर माती आणि पाला. 2012 साली चंद्रपूर जिल्ह्यात पळसगावजवळ दोन वाघ अशा सापळ्यांत अडकले, त्यातला एक मेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापळ्यात धरणं ही शिकारच ठरते. म्हणून वाट वाचायला शिकलेल्या माणसावर जबाबदारी येते. कॅमेऱ्यासाठी वाकलो, की आजूबाजूची उकरलेली माती आणि वाटेत मुद्दाम टाकलेल्या काटक्याही मी बघतो. संशय आला की हात न लावता बीटगार्डला कळवतो.

नवे कॅमेरे आले तर मी आनंदाने घेईन. पण त्यांचा वेग माणसाचा आळसही वाढवतो. कुठेही बांधला तरी काहीतरी मिळतंच. जुना कॅमेरा जनावराची चाल समजून घेतल्याशिवाय काही देत नाही. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांच्या हाती मी पहिल्या हंगामात जुनाच कॅमेरा देतो. कोल्ह्याचा पूर्ण, नाकापासून शेपटीपर्यंतचा फोटो मिळवा, मग नवा मागा.