निदान

आजाऱ्याच्या समाचाराला गेलं की कुणी नाडी पाहतो, कुणी बिलाचा आकडा पाहतो आणि माझ्यासारखा मराठी शिकवणारा प्राणी शब्द पाहत बसतो. काय करणार, खोडच ती! पावसाळ्याचे दोन महिने सरले की ठाणे-कल्याणच्या गाडीत तापावाचून दुसरा विषय नसतो. कुणाला नुसती कणकण आहे, कुणाच्या अंगात कसर आहे, कुणाचं पोर फणफणलंय, तर कुणाला हुडहुडी भरलीय. थर्मामीटर घरोघर पोचण्यापूर्वी आमच्या आज्यांनी कपाळावर हात ठेवून केलेली ही अंशमोजणीच म्हणायची.

आज्या ताप नुसता मोजत नसत, ओळखतही असत. थंडी वाजून आला की हिवताप, एक दिवसाआड आला की एकांतरा, तीन आठवडे ठाण मांडून बसला की मुदतीचा. चरकसंहितेतही तृतीयक आणि चातुर्थिक असे ताप आहेत. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशी फोडून ४८ किंवा ७२ तासांनी बाहेर पडतात, हे कळायला मात्र सूक्ष्मदर्शक यावा लागला. लाव्हरांनी १८८० साली रक्तात हा जंतू पाहिला आणि रोनाल्ड रॉस यांना तो २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात सापडला.

पण नावांवर फार विसंबू नये. जुन्या वैद्यकात 'विषमज्वर' म्हणजे येऊनजाऊन राहणारा ताप. त्यात हिवतापही बसतो. आजच्या मराठीत मात्र विषमज्वर म्हणजे टायफॉइड. नाव तेच, दुखणं दुसरंच!

सगळ्यांत गमतीचा शब्द 'निदान'. सुमारे सातव्या-आठव्या शतकातल्या 'माधवनिदान' या ग्रंथाचा विषयच रोग ओळखणं हा आहे. मूळ संस्कृतात निदान म्हणजे कारण. जुन्या मराठीत 'निदानी' म्हणजे अखेरीस. आणि आपल्या रोजच्या बोलण्यात निदान म्हणजे कमीत कमी : 'निदान चहा तरी घ्या!' एका शब्दात कारण, शेवट आणि किमान अपेक्षा, तिन्ही नांदतात. वर्गात हे सांगितलं की मुलं माना डोलावतात. या तिन्ही अर्थांचा एकमेकांशी किती जवळचा संबंध आहे, ते मला दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात डोंबिवलीत आमच्या शेजारी दिसलं.

शेजारच्या वहिनींचा मुलगा कॉलेजात जाणारा. ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. एनएस-वन नावाची तपासणी डेंग्यूची खूण पहिल्या चार-पाच दिवसांतच दाखवते. त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी अधिक उपयोगी. डेंग्यूच निघाला. पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, एवढाच उपचार. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव वाढतो, ही ताकीद. निघताना डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला की लगेच घेऊन या."

चौथ्या दिवशी ताप उतरला. वहिनी हसत दारात आल्या. "सुटलो बाई! भाऊजी, ताप उतरल्यावर कशाला हो दवाखाना? मऊ भात टाकलाय."

त्यांचं काय चुकलं? आपल्या भाषेत ताप उतरणं म्हणजे संकट टळणं. पण डेंग्यूला आपली भाषा ठाऊक नाही. त्याचे धोक्याचे दिवस बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतात. रक्तातला द्रव केशवाहिन्यांतून झिरपतो, रक्त दाट होतं, नाडी क्षीण होते. मुलाचं पोट दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती आणि हात गार पडले होते. 'ताप उतरला म्हणून गार' असं घरातले म्हणत होते. त्याच्या वडिलांनी मात्र डॉक्टरांचा शब्द धरून ठेवला आणि रिक्षा बोलावली. त्या रात्री मुलगा इस्पितळात सलाइनवर होता. आम्ही सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो. डॉक्टर मात्र रक्ताचा दाटपणा, रक्तदाब आणि लघवी यांचा हिशेब मांडत होते. दोन दिवसांनी तो भूक लागली म्हणाला, तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत प्रथमच पाणी आलं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळे ताप एकाच गणवेशात येतात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि लेप्टो ही मुलं कपाळावरून ओळखू येत नाहीत; हजेरी रक्ताची घ्यावी लागते. उपचार तर प्रत्येकाचा निराळा. व्हायव्हॅक्स मलेरियात ताप गेल्यावरही प्रायमाक्विन सहसा चौदा दिवस घ्यावं लागतं, नाहीतर यकृतात दडलेला जंतू महिन्यांनी परततो. टायफॉइडची खात्री प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरनं होते. पहिल्याच आठवड्यातली विडाल पुष्कळदा फसवते. साचल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोचा संशय घ्यावा आणि पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईनं हा धडा फार महाग विकत घेतला. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या डेंग्यूच्या विषाणूला काही करत नाहीत. खऱ्या रोगाचा माग मात्र पुसू शकतात.

आणि ओळखण्याची विद्या आता कुठवर पोचली आहे पाहा. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या एका कल्याण-डोंबिवलीकराला साधा ताप आला. विषाणूची जनुकीय अक्षरं वाचली गेली आणि ४ डिसेंबरला महाराष्ट्रातल्या पहिल्या ओमायक्रॉनची नोंद याच गावांच्या नावावर झाली. कपाळावरच्या हातापासून जनुकांच्या अक्षरांपर्यंत हा प्रवास! तरी पहिलं काम आजीच्याच हाताचं : ताप आहे हे ध्यानात घेणं.

म्हणून या दिवसांत कणकण वाटली तर कॅलेंडरवर पहिल्या दिवसाची खूण करा, दोन दिवसांत न हटला तर रक्त तपासा आणि उतरला तरी एक-दोन दिवस डोळा ठेवा. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. कारण वेळेवर कळलं तर शेवट गोड होतो. निदान, आपल्या हाती एवढं तरी आहे.