बावीस लाखांची म्हैस

आमच्या घोडेगावचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. नगर-संभाजीनगर हायवेवर, शनिशिंगणापूरला जायचा फाटा जिथे फुटतो, तेच आमचं गाव. म्हैस कशी घ्यावी हे इथल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. विकणारा सांगतो, "दोन टायमाचं बारा लिटर." घेणारा मान हलवतो आणि मनात नऊ धरतो. मग दात बघतो, कासेला हात लावतो, चालवून बघतो, जमलं तर स्वतः धार काढतो. शेवटी रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा! बाराचे नऊ कसे झाले यावर नंतर कुणी भांडत बसत नाही. विकणारा खोटं बोलला असंच नसतं. त्याच्याकडे सरकी-पेंड भरपूर, आपल्या गोठ्यात कडबा. जसा चारा, तसं दूध.

मित्रांनो, मासिकाचं पान चुकलं असं समजू नका. हा लेख इलेक्ट्रिक गाडीवरच आहे.

आमचं घर एकत्र. आण्णा शेती आणि गोठा बघतात, तात्यांची (म्हणजे माझ्या चुलत्यांची) कांद्याची आडत आहे. घरची डिझेल गाडी थकली. त्यात दीड वर्षापासून आजीचं डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून दोन वेळा नगर. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण आजीच्या तोंडी अजून नगरच.) जायला ३५ किलोमीटर, यायला ३५. त्या दिवशी गाडी सकाळी सहाला दारात तयार पाहिजे म्हणजे पाहिजे. "आज चालू होत नाही" हे वाक्य चालणार नाही.

तर एका रात्री, मेसमधून रूमवर येत होतो तेव्हा तात्यांचा फोन. "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग. टाटाची हॅरियर ईव्ही घ्यायची का महिंद्राची एक्सईव्ही नाईन-ई?"

आमच्या घरात मला आजवर विचारले गेलेले प्रश्न दोनच : "जेवला का?" आणि "केटी नाही ना लागली?" त्यामुळे मी जागेवरच थांबलो. हॉस्टेलला बातमी पसरायला दहा मिनिटं लागली नाहीत. रूमवर परिसंवाद भरला. एक म्हणाला पिकअप बघ, दुसरा म्हणाला स्क्रीन बघ, तिसऱ्याने हॅरियरची चारही चाकं ओढणारी गाडी शून्य ते शंभर ६.३ सेकंदांत जाते हे पाठ म्हणून दाखवलं. बाळांनो, बाजाराच्या दिवशी घोडेगाव चौकात शून्य ते दहा जायला अर्धा तास लागतो!

मग मी वही काढली आणि दोन रकाने आखले.

एक्सईव्ही नाईन-ई महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवली, ती चाकणला बनते. हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली, तीही पुण्याचीच. दोघीही मोठ्या, पाच सीटच्या. सुरुवातीच्या मॉडेलची जाहीर झालेली एक्स-शोरूम किंमत महिंद्राची २१.९० लाख, टाटाची २१.४९ लाख, चार्जर वेगळा. बॅटरी महिंद्राची ५९ युनिटची (किलोवॅट-अवर म्हणजे आपलं लाईट बिलावरचं युनिटच), टाटाची ६५ युनिटची. दोघींची बॅटरी एलएफपी जातीची. भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये दोघींना पाच स्टार, आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेत दोघींना ३२ पैकी ३२. (एम-थ्रीच्या पेपरात आपल्याला असे कधी पडणार!)

आता रेंज. कागदावर महिंद्रा ५४२ किलोमीटर, टाटा ५३८. म्हणजे दोघींचं दूध सारखंच सांगितलेलं. हा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. आपला चारा वेगळा : एसी चालू, पाच माणसं, मागे दोन गोण्या आणि हायवेवर नव्वदचा स्पीड. याचा अंदाज खुद्द कंपनीच देते. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीला चाचणीतला आकडा ४८९ आहे आणि रोजच्या वापरासाठी कंपनीचाच अंदाज ३५० ते ३७५. म्हणजे बाराचे नऊ! बाजाराचा हिशोब इथेही तंतोतंत लागू.

मी एवढ्या मोठ्या गाडीला युनिटमागे ६ किलोमीटर धरले. महिंद्रा ३५४, टाटा ३९०. आजीची फेरी ७० किलोमीटरची, म्हणजे १२ युनिट. कुठलीही घ्या, दोन-तीन फेऱ्या निवांत. पुणे साधारण १५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ३१०. इथे मात्र परत येताना एकीत ४४ किलोमीटर शिल्लक, दुसरीत ८०. पण आम्ही पुण्याला वर्षातून चार वेळा जातो. त्या चार दिवसांसाठी काही लाख जादा देऊन मोठी बॅटरी घ्यायची, की पुण्यात जेवताना गाडीलाही थोडं जेवू घालायचं? मोठी बॅटरी तिथेच कटाप झाली.

तात्यांचा पुढचा प्रश्न फास्ट चार्जिंगचा. महिंद्रा म्हणते २० ते ८० टक्के २० मिनिटांत, टाटा म्हणते २५ मिनिटांत. मी म्हणालो, "तात्या, ही पाच मिनिटं मोठ्या चार्जरवरची. रस्त्यात साठ किलोवॅटचा मिळाला तर दोघींनाही अर्ध्या तासाच्या वर लागणार, आणि तीसचा मिळाला तर तासाच्या वर. बादली मोठी असून उपयोग काय, नळाची धार बारीक असेल तर?" हे त्यांना लगेच पटलं.

इमामपूर घाटाचा विषयही निघालाच. तात्यांना कुणीतरी सांगितलं होतं की उतारावर बॅटरी आपोआप भरते. भरते, पण किती? माणसांसकट २२०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली तर एमजीएच काढा : साधारण ०.६ युनिट. त्यातलं सगळं परत मिळत नाही. दीड-दोन किलोमीटरचा माल झाला. आणि तो घाट एकदा चढायचाही आहेच!

खरी गोम गाडीत नव्हती, घरात होती. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मल्टिमीटर घेऊन गेलो. आण्णांचं म्हणणं, गाडी वस्तीवर ठेवू, तिथे जागा मोप आहे. पण वस्तीवरची लाईन शेतीच्या फीडरची. थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री, तेही ठरावीक तास. सकाळी सहाला आजीला न्यायचं आणि रात्री लाईटच नाही, मग काय करणार? म्हणून गाडी गावठाणातल्या घरीच राहणार हे पहिलं ठरलं.

गावठाणातल्या घरी लाईट असते, पण सॉकेटचं तिसरं भोक शोभेचं निघालं. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून खाली आली होती आणि जमिनीत कशालाच जोडलेली नव्हती. ईव्हीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, नसेल तर चार्जिंगच सुरू करत नाही. आणि ते बरोबरच आहे, पावसात भिजलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावणारे आपणच असतो. गावातल्या वायरमनला बोलावलं, खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग केलं. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत वेगळी जाड केबल, वेगळा एमसीबी, चांगलं इंडस्ट्रियल सॉकेट. साध्या १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटने १२ युनिट भरायला, लॉस धरून, साडेचार तास लागतात. रात्री अकराला लावली तर पहाटे चारच्या आत काम फत्ते. पण साडेचार तास सलग १३ ॲम्पियर म्हणजे इस्त्रीसारखं पाच मिनिटांचं काम नाही. ढिलं सॉकेट वितळतं. मित्रांनो, तुमच्या घरी ईव्ही येणार असेल तर गाडीच्या आधी वायरमनला बोलवा, एवढं या लेखातून घेतलंत तरी पुरे.

मग पैसे. तात्यांना वाटत होतं, डिझेल वाचेल त्यात हप्ता फिटेल. मी हिशोब मांडला. पाच लाख भरून १७ लाखांचं कर्ज, ९ टक्के, सात वर्षं : हप्ता २७,३५० च्या आसपास. डिझेल गाडी लिटरला १४ देते आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या जवळ. विजेचं युनिट बारा रुपये धरून, लॉस धरून, सव्वादोन. म्हणजे किलोमीटरमागे चार-सव्वाचार रुपये सुटतात. आमचं महिन्याचं फिरणं दीड हजार किलोमीटर. बचत सहा हजारांच्या थोडी वर. यात अख्खा हप्ता? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

पण गाडी तर घ्यायचीच होती. मग तुलना डिझेल गाडीशी करायची. तेवढीच मोठी साधी डिझेल गाडी, रोड टॅक्स धरून, चार-पाच लाखांनी कमी पडते. जादाच्या पाच लाखांचा हप्ता आठ हजार. महिन्याला १९०० किलोमीटर फिरलं तर बरोबरी. आम्ही थोडे कमी पडतो. हप्ते संपेपर्यंत घाट्यात आणि नंतर फायद्यात, हे मी लपवलं नाही. तात्या बराच वेळ गप्प होते. कांद्याच्या घरात सात वर्षं म्हणजे सात जन्म. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उघडली. ते पाच महिने आमच्या घरात कसे गेले ते आम्हाला माहीत. म्हणून ठरलं : कर्ज १७ चं नाही, १२ चं. त्यासाठी तात्यांनी आडतीच्या मागच्या प्लॉटचं काम एक वर्ष पुढे ढकललं.

कागदपत्रं वाचताना एक गोष्ट सापडली. दोन्ही कंपन्यांची बॅटरीची 'लाईफटाईम' वॉरंटी आहे ती पहिल्या खासगी मालकाला. तात्या गाडी आडतीच्या नावावर घेणार होते, टॅक्समध्ये घसारा मिळतो म्हणून. मी ती ओळ वाचून दाखवली. "म्हणजे अटी-शर्ती वाचणारा माणूस घरात झाला म्हणायचा," असं म्हणून त्यांनी गाडी आण्णांच्या नावावर करायचं ठरवलं.

एवढं करूनही दोन्ही रकाने बरोबरीतच. महिंद्राची डिकी ६६३ लिटरची, टाटाची ५०२. महिंद्राचा टॉर्क ३८०, टाटाचा ३१५. टाटात गाडीतून बाहेर वीज घ्यायची सोय, म्हणजे लाईट गेली तर घरातले पंखे चालतील, फक्त आपण घेऊ त्या मॉडेलमध्ये ती आहे का ते पाहायचं. कुणीच हरेना.

तेव्हा आण्णा पहिल्यांदा बोलले. "जिला रोज बसायचंय तिला विचारलं का?"

डायलिसिसच्याच दिवशी, परत येताना, आजीला दोन्ही शोरूमला नेलं. मुद्दाम परत येताना. सकाळची आजी वेगळी असते आणि चार तास मशीनला लागून आलेली आजी वेगळी. बीपी उतरलेलं असतं, पाय लटपटतात, हाताला पट्टी. महिंद्राचं छप्पर कूपे पद्धतीचं, मागे उतरत गेलेलं. दिसायला राजबिंडं, पण कमरेत आधीच वाकलेल्या आजीला आत जाताना अजून वाकावं लागत होतं. हॅरियर सरळ उभी, डोक्याला मोकळी, पण पायरी उंच. आजी आईच्या खांद्याला धरून दोनदा चढली, दोनदा उतरली. मग टेकून डोळे मिटले. आम्ही सगळे बाहेर उभे, सेल्समन एसीचे फायदे सांगतोय.

"हिच्यात मान नाही मोडत बया," आजी म्हणाली. "खाली एक पाट ठेवा म्हंजे झालं."

हॅरियर बुक झाली. ६५ युनिटची, सुरुवातीचं मॉडेल. पाट मी आमच्या सुताराकडून करून घेतला, नऊ इंच उंच, खाली रबर. तिच्या जागी माझा मित्र असता, ज्याच्या घरी चार तरणी माणसं आणि दर महिन्याला लांबचा प्रवास, तर मी डोळे झाकून दुसरी सांगितली असती. गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. वहीत तिसरा रकाना आमच्या घराचा हवा होता, तो आखल्यावर उत्तर निघालं.

मित्रांनो, आज ना उद्या तुम्हालाही घरून असा फोन येईल. गाडीचा असेल, सोलरचा असेल, बोअरच्या पंपाचा असेल. तिकडे माणसं पिकाचे पैसे हातात घेऊन बसलेली असतात आणि आपल्या शिक्षणावर त्यांचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास असतो. तेव्हा नेटवरचे आकडे वाचून दाखवू नका. सुट्टी टाकून घरी जा, मल्टिमीटर घ्या, सॉकेट उघडा, आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला विचारा. व्हायव्हात असे प्रश्न कुणी विचारत नाही, पण पास व्हायचं ते इथेच.

— टी. ई. (इलेक्ट्रिकल)